राजा गेला, राज्य कोणाचे झाले?

इस्लामला राजेशाही मान्य आहे की प्रजासत्ताक, हा प्रश्न आमच्या अभ्यासवर्गात वारंवार येतो. विचारणारा बहुधा महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकणारा असतो आणि त्याला एका शब्दात उत्तर हवे असते. असे उत्तर देणारे दोन्ही बाजूंना पुष्कळ भेटतात. एक म्हणतो, हजरत दाऊद (अ.) आणि हजरत सुलैमान (अ.) प्रेषितही होते आणि राजेही होते, तेव्हा राजेशाहीत गैर ते काय? दुसरा म्हणतो, फिरऔनही राजाच होता. दोघांचाही आधार कुरआनच असतो. म्हणून या लेखात आधी कुरआन आणि सन्मार्गी खलीफांचे आचरण पाहू. मग ज्या भूमीवर एके काळी फिरऔनाचे राज्य होते आणि जिने १९५३ साली राजेशाही मोडून प्रजासत्ताक जाहीर केले, त्या इजिप्तकडे वळू.

सूरह बकरहच्या १२४व्या आयतीत एक प्रसंग आहे. हजरत इब्राहीम (अ.) अनेक कसोट्यांतून उतरले, तेव्हा अल्लाहने त्यांना लोकांचे इमाम करण्याचे वचन दिले. पिता म्हणून त्यांनी साहजिकच विचारले की, माझ्या संततीचे काय? उत्तर असे मिळाले की, हे वचन अन्याय करणाऱ्यांना लागू होत नाही. विचार करावा, पिता साक्षात खलीलुल्लाह, तरीही नुसत्या जन्माने मुलाला नेतृत्वाचा हक्क मिळाला नाही. याच सूरहमध्ये पुढे तालूत यांची हकीगत येते. बनी इस्राईलच्या सरदारांना त्यांची निवड रुचली नाही, कारण त्यांच्यापाशी धनसंपत्ती नव्हती. त्यांना सांगण्यात आले की, त्यांची निवड ज्ञान आणि देहबल यांमुळे झाली आहे. म्हणजे कुरआनात ‘राजा’ हा शब्द निंदेचाही नाही आणि स्तुतीचाही नाही. सत्ता कोणत्या पात्रतेवर मिळाली आणि तिचे पुढे काय केले, इकडे कुरआन आपले लक्ष वेधतो.

शासनाचा ठरावीक आराखडा कुरआनात सापडत नाही. मात्र अटी सापडतात. सूरह शूराच्या ३८व्या आयतीत श्रद्धावंतांचे व्यवहार परस्पर सल्लामसलतीने चालतात, असे त्यांचे लक्षण सांगितले आहे. आणि सूरह निसाच्या ५८व्या आयतीत अमानती त्यांच्या हक्कदारांकडे सोपवाव्यात व न्यायाने निवाडा करावा, अशी आज्ञा आहे. सत्ता ही अमानत असेल, तर ती वारसाहक्कात कशी वाटता येईल? शेजाऱ्याने ठेवायला दिलेले दागिने कोणी आपल्या मृत्युपत्रात मुलाच्या नावे लिहीत नाही.

हजरत अबू बकर (रजि.) यांनी खिलाफतीचा भार स्वीकारताच लोकांना सांगितले की, मी नीट वागलो तर मला साथ द्या आणि चुकलो तर मला सरळ करा. हजरत उमर (रजि.) यांचा अखेरचा निर्णय तर प्रत्येक घरात मुलांना सांगावा असा आहे. हिजरी २३ मध्ये खंजिराच्या जखमांनी ते अंथरुणाला खिळले, तेव्हा पुढचा खलीफा निवडण्यासाठी त्यांनी सहा सहाबांची समिती नेमली. आपले पुत्र हजरत अब्दुल्लाह (रजि.) यांनी सल्ल्यासाठी उपस्थित राहावे, पण खलीफापदात त्यांचा वाटा नसेल, असे त्यांनी स्पष्ट केले. वास्तविक हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्या ज्ञानाविषयी व ईशभयाविषयी कोणालाच शंका नव्हती. (आपल्याकडील काही मशिदींच्या विश्वस्त मंडळांत पित्याची खुर्ची पुत्राकडे आणि पुत्राची नातवाकडे जाते, आणि जमातीला हिशोबाचा कागद वर्षानुवर्षे दिसत नाही. त्या मंडळींनीही हा प्रसंग जुमाच्या खुतब्यात अनेकदा ऐकलेला असतो.)

पुढे सत्ता घराण्यात गेली. खिलाफत तीस वर्षे राहील व नंतर बादशाही येईल, या अर्थाची हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत हजरत सफीना (रजि.) यांच्याकडून आली आहे. हजरत मुआविया (रजि.) यांनी यजीदसाठी बैअत घेतली, त्या निर्णयाची चर्चा करताना सहाबांविषयी जिभेला लगाम असावा, ही अहले सुन्नतची रीत आहे आणि ती योग्यच आहे. इब्ने खल्दून यांनी या निर्णयामागे फाटाफुटीचे भय होते, असे म्हटले आहे. त्याच वेळी मदीनेत हजरत अब्दुर्रहमान बिन अबू बकर (रजि.) यांनी ही कैसरांची रीत असल्याचा आक्षेप घेतल्याची रिवायतही आहे, आणि हिजरी ६१ मध्ये करबलात काय घडले हे आपण जाणतोच. हिजरी ९९ मध्ये हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) याच घराण्यातून, आधीच्या खलीफाच्या मृत्युपत्राने गादीवर आले. त्यांनी पहिली गोष्ट ही केली की, तुमच्या सल्ल्याविना माझी नेमणूक झाली आहे, तुम्ही बैअतीतून मुक्त आहात, असे लोकांना सांगितले. लोकांनी त्यांनाच पुन्हा निवडले. वारशाने हाती आलेले पद त्यांनी लोकांपुढे ठेवले आणि लोकांच्या संमतीने परत घेतले.

आता इजिप्त. मुहम्मद अली यांचे घराणे तेथे १८०५ पासून सत्तेवर होते, पण ‘राजा’ ही पदवी १९२२ सालची. ब्रिटिशांनी त्या वर्षी मर्यादित स्वातंत्र्य जाहीर केले आणि सुलतान फुआद राजे झाले. १९२३ ला संविधान आले, निवडणुका झाल्या, साद जगलूल यांचा वफ्द पक्ष प्रचंड बहुमताने निवडून आला. पण संसद बरखास्त करण्याचा अधिकार राजाकडे होता आणि तो पुनःपुन्हा वापरला गेला. दरम्यान मार्च १९२४ मध्ये तुर्कस्तानने खिलाफत रद्द केली. त्या खिलाफतीसाठी ज्या चळवळीत आपले पूर्वज उतरले, तिचे केंद्र मुंबईत होते. भायखळ्याचे खिलाफत हाऊस आजही उभे आहे. रिकाम्या झालेल्या त्या पदाकडे राजे फुआद यांचे लक्ष गेले. नेमके १९२५ मध्ये अल-अजहरचे एक आलिम आणि शरई न्यायाधीश शेख अली अब्दुर्राजिक यांनी पुस्तक लिहून असे मांडले की, इस्लामने शासनाचा कोणताही विशिष्ट प्रकार बंधनकारक केलेला नाही, खिलाफतही नाही. त्याच वर्षी अल-अजहरच्या वरिष्ठ उलमांनी त्यांना उलमांच्या यादीतून काढून टाकले.

अब्दुर्राजिक यांचे सारेच म्हणणे आम्हांला पटत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे कार्य केवळ उपदेशाचे होते, राज्यकारभाराशी त्याचा संबंध नव्हता, हे त्यांचे विधान मदीनेतील दहा वर्षांपुढे टिकत नाही. पण शतकानुशतके राजांनी आपल्या गादीवर दीनचे वस्त्र पांघरले, हे त्यांचे निरीक्षण कोणी खोडावे? १९२६ मध्ये कैरोला खिलाफतीविषयी परिषद भरली आणि कोणालाही खलीफा न ठरवता उठली.

फुआद यांच्यानंतर पुत्र फारूक आले. फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटिश रणगाड्यांनी त्यांच्या आबिदीन राजवाड्याला वेढा घातला आणि हवा तो पंतप्रधान नेमून घेतला. १९४८ च्या पॅलेस्टाईन युद्धात पराभव झाला. शेतजमीन मूठभर जमीनदारांच्या हाती होती. २३ जुलै १९५२ ला सैन्यातील तरुण अधिकाऱ्यांनी सत्ता घेतली, तेव्हा लोक रस्त्यावर आले ते आनंदाने. तीनच दिवसांनी फारूक अलेक्झांड्रियाहून जहाजाने देशाबाहेर गेले, आणि १८ जून १९५३ ला प्रजासत्ताकाची घोषणा झाली. जमिनीवर कमाल मर्यादा आली, हे श्रेय त्या अधिकाऱ्यांना दिलेच पाहिजे.

परंतु राजा गेल्यावर राज्य कोणाचे झाले? येथे एका माणसाची गोष्ट सांगितली पाहिजे. डॉ. अब्दुर्रज्जाक सन्हूरी हे अरब जगतातील थोर कायदेपंडित. इजिप्तची दिवाणी संहिता त्यांनीच सिद्ध केली. तरुणपणी फ्रान्समध्ये त्यांनी खिलाफतीवरच प्रबंध लिहिला होता. १९५२ मध्ये ते राज्य परिषदेचे, म्हणजे शासनावर अंकुश ठेवणाऱ्या न्यायसंस्थेचे, अध्यक्ष होते. बरखास्त संसद पुन्हा बोलावण्याची गरज नाही, असा कौल या परिषदेने अधिकाऱ्यांना दिला. संसदेची कटकट मिटली, सुधारणा वेगाने होतील, असे तेव्हा अनेक सज्जनांना वाटले. पुढे सर्व राजकीय पक्ष विसर्जित झाले. मार्च १९५४ मध्ये सन्हूरी संविधानाची बाजू घेऊ लागले, तेव्हा जमावाने त्यांच्या कार्यालयात घुसून त्यांना मारहाण केली. त्याच वर्षी पहिले राष्ट्राध्यक्ष मुहम्मद नजीब यांना पदावरून दूर करून नजरकैदेत टाकले गेले. संसदीय प्रजासत्ताकाचा एक मसुदा तयार झाला होता, तो बासनात गेला. १९५६ च्या जनमतात जमाल अब्दुन्नासिर हे एकमेव उमेदवार होते आणि त्यांना ९९ टक्क्यांहून अधिक मते मिळाली. ते मृत्यूपर्यंत, म्हणजे १९७० पर्यंत, सत्तेवर राहिले.

अन्वर सादात यांच्या काळातील एक घटना दीनदार माणसाने विशेष लक्षात घ्यावी. मे १९८० मध्ये तेथे संविधानदुरुस्तीवर जनमत घेतले गेले. एका दुरुस्तीने शरियतची तत्त्वे हा कायद्याचा प्रमुख स्रोत ठरला, आणि त्याच गठ्ठ्यातील दुसऱ्या दुरुस्तीने राष्ट्राध्यक्षाला कितीही वेळा निवडून येण्याची मुभा मिळाली. पहिलीला ‘नाही’ कोण म्हणणार? लाभ मिळाला तो पुढचे राष्ट्राध्यक्ष हुस्नी मुबारक यांना. ते १९८१ पासून फेब्रुवारी २०११ पर्यंत राहिले, सारा काळ आणीबाणीच्या कायद्याखाली, आणि अखेरीस त्यांचे पुत्र जमाल यांचे नाव वारस म्हणून उघडपणे घेतले जाऊ लागले. शेजारच्या सीरियात तर २००० मध्ये तसे घडलेच. हाफिज अल-असद यांच्या निधनानंतर राष्ट्राध्यक्षाच्या किमान वयाची अट ४० वरून ३४ वर आणली गेली, कारण पुत्र बश्शार यांचे वय तेवढे होते. तेही प्रजासत्ताकच!

मग राजाच बरा होता, असे म्हणावे का? आमचे मत तसे नाही. जन्मामुळे राज्य करण्याचा हक्क मिळतो, या कल्पनेला इस्लाममध्ये आधार नाही, आणि प्रजासत्ताक निदान ती कल्पना मोडून काढते. म्हणून जेथे राजा प्रत्यक्ष सत्ता चालवतो आणि त्याला जाब विचारता येत नाही, तेथे राजेशाही संपवण्याची मागणी दीनविरोधी ठरत नाही. पण ती कशी संपते, हे कमी महत्त्वाचे नाही. १९५८ मध्ये इराकमध्ये २३ वर्षांच्या राजे फैसल यांना कुटुंबासह राजवाड्याच्या अंगणात गोळ्या घातल्या गेल्या आणि पुढील दहा वर्षांत तेथे आणखी सत्तापालट झाले. ‘फितना’ टाळण्यासाठी अन्यायी राज्यकर्त्यालाही सहन करावे, असे आपले जुने फकीह का म्हणत, ते अशा वेळी कळते. त्यांच्यासमोर रक्तपात हा एकच दुसरा मार्ग होता. शांततेने राज्यकर्ता बदलण्याची सोय त्यांच्या काळी नव्हती. आज ती आहे, म्हणून त्यांचा निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येत नाही. मलेशियाचे उदाहरण याहून वेगळे आहे. तेथे नऊ वंशपरंपरागत शासक आपल्यातून एकाला पाच वर्षांसाठी राजा निवडतात, कारभार निवडून आलेले सरकार पाहते, आणि १९९३ पासून शासकांवर विशेष न्यायालयात खटलाही चालू शकतो. अशा देशात सिंहासन हटवणे ही फार निकडीची बाब आहे, असे आम्हांला वाटत नाही.

केरळच्या किनाऱ्यापासून फार दूर नसलेल्या मालदीवने हा सारा प्रवास एका पिढीच्या डोळ्यांदेखत केला. १९६८ मध्ये जनमत घेऊन तेथील सल्तनत संपली, रक्त सांडले नाही. तरी १९७८ पासून मामून अब्दुल गयूम सलग तीस वर्षे राष्ट्राध्यक्ष राहिले, कारण मतपत्रिकेवर दुसरे नावच नसे. २००८ मध्ये नव्या संविधानाखाली प्रथमच अनेक पक्षांची निवडणूक झाली आणि गयूम हरले. त्यानंतरही तेथे अशांतता झाली, नेते तुरुंगात गेले. पण २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये पदावर असलेला राष्ट्राध्यक्ष मतदानात पराभूत झाला, आणि दोन्ही वेळा त्याने पद सोडले.