वेग, अंतर आणि जीवित : मोटार-सुरक्षेचा अभ्यासपाठ

(इयत्ता ५ वी ते ७ वी. सामान्य विज्ञान व अंकगणित यांस जोडून घ्यावयाचा पाठ)

मोटार-अपघाताची वार्ता गावात येते तेव्हा दोन उद्गार बहुधा ऐकू येतात. वाचला त्याचे ‘दैव बलवत्तर’ आणि दगावला त्याची ‘घटका भरली होती’. या उद्गारांत शोक असतो, सांत्वनही असते. कारणमीमांसा मात्र नसते. वस्तुतः एकाच मोटारीतील एक मनुष्य वाचतो आणि दुसरा दगावतो, यास पुष्कळदा मोजता येण्याजोगे कारण असते. ते कारण म्हणजे अंतर. धावते शरीर किती अंतरात थांबले, यावर त्याचे वाचणे बव्हंशी अवलंबून असते. प्रस्तुत पाठात एवढी एकच गोष्ट मुलांच्या मनावर ठसवावयाची आहे. बाकीच्या सर्व गोष्टी तिच्यातून निघतात.

पालघर जिल्ह्यात ४ सप्टेंबर २०२२ रोजी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर सूर्या नदीच्या पुलाजवळ एक मोटार कठड्यावर आदळली. तीत चार माणसे होती. पुढील आसनांवरील दोघे गंभीर जखमी झाले, परंतु वाचले. मागील आसनांवरील दोघे मृत्यू पावले. त्यांतील एक उद्योगपती सायरस मिस्त्री हे होते. मागे बसलेल्या दोघांनीही आसनपट्टे बांधलेले नव्हते, असे पोलीस तपासात आढळून आले. गाडी उत्तम प्रतीची होती. ‘मागे बसणारा सुरक्षित असतो, पट्टा पुढच्याने बांधावयाचा’ हा समज आपल्याकडे शिक्षितांतही किती खोल रुजला आहे, हे त्या दिवशी साऱ्या देशास दिसले. त्याच वर्षी भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी १६,७१५ जणांनी पट्टा बांधलेला नव्हता आणि ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते, असे केंद्र शासनाचा अहवाल सांगतो. पट्ट्याविना मेलेल्यांत ८,३८४ चालक होते आणि ८,३३१ प्रवासी. म्हणजे जवळजवळ अर्धे.

येथे एखादा शिक्षक म्हणेल की, ज्या मुलाच्या दारात बैलगाडी किंवा फार तर मोटारसायकल आहे, त्यास मोटारीच्या सुरक्षेचा पाठ कशाला? शंका रास्त आहे, पण पुरी नाही. हाच मुलगा बाजारच्या दिवशी वडाप जीपमध्ये बसतो, लग्नसराईत वऱ्हाडाच्या टेम्पोत उभा राहतो, दिवाळीला पुण्या-मुंबईच्या काकांच्या मोटारीतून देवदर्शनास जातो आणि आठ-दहा वर्षांत स्वतः चालक होतो. सवय लागण्याचे वय मात्र हेच असते.

पाठाचा आरंभ विहिरीपासून करावा. विहिरीत पडण्याची भीती खेड्यातील प्रत्येक मुलास असते; ताशी ७२ किलोमीटर वेगाची भीती कोणासही वाटत नाही. कारण वेग डोळ्यांना दिसत नाही, खोली दिसते. म्हणून वेगाचे खोलीत रूपांतर करून दाखवावे. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदास ५ मीटर. तेव्हा ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदास १० मीटर. या आकड्यास त्याच आकड्याने गुणावे आणि २० ने भागावे. उत्तर येते ५. याचा अर्थ, ताशी ३६ किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणे हे ५ मीटर, म्हणजे सुमारे १६ फूट उंचीवरून पडण्यासारखे आहे. वेग दुप्पट करून ताशी ७२ किलोमीटर घेतला की मुले ‘१० मीटर’ असे चटकन सांगतील. त्यांना सांगू द्यावे, आणि मग फळ्यावर गणित करून दाखवावे. सेकंदास २० मीटर. २० गुणिले २० म्हणजे ४००. भागिले २०, उत्तर २० मीटर. पासष्ट फूट खोल कोरडी विहीर! वेग दुप्पट झाला, पण खोली चौपट झाली. हा क्षण पाठाचा गाभा होय. येथे घाई करू नये.

आता दुसरा प्रश्न विचारावा. उंचावरून पडलेला प्रत्येक मनुष्य मरतो काय? झाडावरून कडब्याच्या गंजीवर पडलेला मुलगा कपडे झाडून उठतो आणि तितक्याच उंचीवरून फरशीवर पडलेला उठत नाही, हे मुलांना ठाऊक असते. याच साध्या निरीक्षणावर मोटार-सुरक्षेचे शास्त्र उभे आहे. ह्यू डिहेवन नावाचे अमेरिकन गृहस्थ १९१७ साली वैमानिकाचे शिक्षण घेत असता आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन कोसळले आणि वाचले. आपण का वाचलो, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. पुढे १९४२ साली त्यांनी ५० ते १५० फूट उंचीवरून पडूनही जिवंत राहिलेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणी नुकत्याच खणलेल्या मातीत पडले होते, कोणी मोटारीच्या पत्र्यावर. माती दबली, पत्रा चेपला, आणि त्या काही इंचांनी प्राण वाचविले. माल पाठविताना काचेचे भांडे ज्या काळजीने पेंढ्यात बांधतात, तीच काळजी मोटारीतील माणसाबाबत का घेऊ नये, असा डिहेवन यांचा युक्तिवाद होता.

मानवी शरीर किती सहन करू शकते, हे अमेरिकन वायुदलातील डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांनी स्वतःच्या देहावर पाहिले. १० डिसेंबर १९५४ रोजी ते अग्निबाणाच्या जोराने रुळांवरून धावणाऱ्या गाडीवर बसले. गाडीने ताशी सुमारे १,०१७ किलोमीटर वेग गाठला आणि ती १.४ सेकंदांत थांबविण्यात आली. त्यांच्या वजनाच्या ४६ पट भार शरीरावर पडला. डोळ्यांत रक्त उतरले. पण ते बरे झाले आणि १९९९ पर्यंत जगले. ते भक्कम पट्ट्यांनी आसनाशी जखडलेले होते, ही गोष्ट सांगावयास विसरू नये.

डिहेवन यांची मऊ माती आणि स्टॅप यांचे पट्टे या दोन गोष्टी आजच्या मोटारीत एकत्र आलेल्या आहेत. पूर्वी जितका पत्रा जाड तितकी गाडी मजबूत, असे समजत. ‘हल्लीच्या गाड्या कागदाच्या, जरा धक्का लागला की चेपतात’ अशी तक्रार वडीलधारी मंडळी आजही करतात. ते चेपणे हाच गुण आहे. बेला बारेन्यी या अभियंत्याने १९५१ साली अशी कल्पना मांडली की, माणसे बसतात तो मधला भाग पेटीसारखा कणखर असावा आणि पुढचा व मागचा भाग मुद्दाम चेपणारा असावा. १९५९ साली मर्सिडीज-बेंझ कंपनीची गाडी या तत्त्वावर बाहेर पडली. बोनेटचे दोन फूट चेपतात, म्हणजे थांबण्यास दोन फूट अंतर मिळते. गाडी भंगारात जाते, परंतु मनुष्य घरी येतो.

मात्र हे दोन फूट कोणाला मिळतात? जो गाडीशी बांधलेला आहे त्यालाच. न बांधलेल्याची गाडी थांबते, तो थांबत नाही. तो मूळच्याच वेगाने पुढे जाऊन स्टिअरिंगवर, काचेवर किंवा पुढच्या आसनावर आदळतो आणि दोन-अडीच इंचांत थांबतो. साठ सेंटिमीटरच्या ऐवजी सहा सेंटिमीटर अंतर मिळाले तर मार दहापट होतो. मागे बसलेला पट्ट्याविना मनुष्य पुढच्या बांधलेल्या माणसासही चिरडू शकतो, तेव्हा मागचा पट्टा ही केवळ स्वतःपुरती बाब राहत नाही.

आज सर्वत्र दिसणारा तीन टोकांचा पट्टा निल्स बोलिन यांनी व्होल्वो कंपनीत १९५९ साली सिद्ध केला. त्यापूर्वी ते साब कंपनीत वैमानिकास संकटकाळी विमानाबाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करीत असत. कमरेचा पट्टा पोटावर न येता खाली ओटीच्या हाडांवर बसावा आणि तिरका पट्टा मानेस न लागता खांद्याच्या हाडावरून छातीवर यावा, अशी त्याची रचना आहे; कारण मार सोसावयाचा तो हाडांनी, आतड्यांनी नव्हे. कंपनीने हे पेटंट इतर कारखानदारांनाही खुले ठेवले. असे औदार्य व्यापारात नित्य घडत नाही. आपल्याकडे मात्र पोलीस दिसताच तो पट्टा खांद्यावर ओढून हाताने धरून ठेवणारे आणि घंटा वाजू नये म्हणून खाचेत नुसती क्लिप अडकविणारे लोक आहेत. असे लोक दंड तेवढा वाचवितात.

एअरबॅग म्हणजे हवेची पिशवी ही पट्ट्याची सोबतीण आहे, सवत नव्हे. डोळ्याची पापणी लवण्याच्या आत ती फुगते. पट्टा नसलेला मनुष्य पुढे झेपावत असता ती फुगली तर तिचाच फटका त्यास बसतो. भारतात नव्या मोटारींत चालकासाठी ती २०१९ पासून आणि नव्या नमुन्यांच्या गाड्यांत शेजारच्या प्रवाशासाठीही २०२१ पासून आवश्यक करण्यात आली. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप या योजनेखाली गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवून त्यांना तारे देण्यात येतात. प्रौढांच्या व मुलांच्या संरक्षणाचे तारे वेगवेगळे असतात.

येथे मातापालकांच्या सभेत आवर्जून सांगावयाची एक गोष्ट आहे. पुढच्या आसनावर मांडीवर मूल घेऊन बसणे हे मायेचे लक्षण समजले जाते. ताशी ५४ किलोमीटर वेगाची गाडी दोन फुटांत थांबली, तर दहा किलोचे मूल त्या क्षणी आईच्या हातांना जवळजवळ दोन क्विंटलाचे होते. भरलेली दोन पोती कोणती आई हातांवर तोलून धरील? मूल हातांतून सुटते. आणि आईस पट्टा नसेल तर तिचाच भार त्याच्यावर येतो. म्हणून लहान मुलांची जागा मागे, त्यांच्या मापाच्या बालआसनात. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना नेणाऱ्या चालकास १,००० रुपये दंड आहे.

हेल्मेटचे तत्त्वही हेच. वरचे कठीण कवच सर्वांना दिसते. काम करतो तो आतील थर्मोकोलचा जाड थर. तो दबतो आणि डोक्यास थांबावयास इंचभर अंतर देतो. एकदा जोराने आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी टाकून द्यावे, कारण दबलेला थर पुन्हा फुगत नाही. हनुवटीचा पट्टा न लावता घातलेले हेल्मेट डोक्याच्या आधी रस्त्यावर पोहोचते. दुचाकीवरून शाळेत येणाऱ्या शिक्षकांकडे मुले हे सारे बारकाईने पाहत असतात.

येथवर आदळल्यानंतरच्या अंतराचा विचार झाला. आदळण्यापूर्वीचे अंतर चालकाच्या हाती असते. दुसरा चुकणारच, असे गृहीत धरून गाडी हाकणे यास बचावात्मक चालन म्हणतात. हॅरल्ड स्मिथ यांनी अमेरिकेत १९५२ पासून चालकांस याचे पद्धतशीर शिक्षण देण्यास आरंभ केला. दृष्टी दूरवर ठेवावी, ती एका जागी खिळू देऊ नये, निसटण्यास वाट राखावी, आपण दुसऱ्यास दिसलो आहोत याची खात्री करावी, असा त्यांच्या शिकवणुकीचा भाग आहे. गावाकडच्या भाषेत सांगावयाचे तर, रस्त्यावर चेंडू आला की मागून मूल येणार, आणि एक शेळी ओलांडली की दुसरी येणारच.

हा भाग मैदानावर शिकवावा. खो-खोची रेषा आखावयास आणलेला चुना पुरतो. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ताशी ३६ किलोमीटर वेगास तेवढ्यात १५ मीटर आणि नंतर कोरड्या रस्त्यावर ब्रेकने सुमारे ७ मीटर, असे २२ मीटर लागतात. ताशी ७२ किलोमीटरला ३० आणि २९, म्हणजे ५९ मीटर. दोन्ही रेषा आखून मुलांना चालावयास लावावे. ओल्या रस्त्यावर दुसरी रेषा आणखी पुढे जाते. पुढच्या गाडीपासून किती दूर राहावे, याची खूण अशी : तिने एखादे झाड ओलांडले की ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असे सावकाश मोजावे, त्यापूर्वी आपण झाडापाशी पोहोचलो तर फार जवळ आहोत. पावसात, रात्री किंवा भरलेल्या ट्रकमागे तीन-चारपर्यंत मोजावे. मुलांच्या मोजण्याची गती आधी घड्याळाशी ताडून घ्यावी, कारण ती नेहमीच फार जलद मोजतात.

ऊस-पट्ट्यातील शाळांनी याच ठिकाणी ट्रॉलीचा प्रश्न घ्यावा. गळीत हंगामात रात्री रस्त्याच्या कडेला मागे दिवा नसलेली उसाने भरलेली ट्रॉली उभी असते. मोटारीच्या खाली वळविलेल्या झोतात ती चाळीस-पन्नास मीटरवर दिसते आणि थांबावयास लागतात ५९ मीटर. उरलेल्या मीटरांत काय होते, हे मुले स्वतः सांगतील. आपल्या घरच्या ट्रॉलीस मागे लाल चकाकणारी पट्टी आहे की नाही, हे पाहून येण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. बापास मुलाने विचारलेला प्रश्न पुष्कळदा परिपत्रकाहून लवकर पोहोचतो.

वर्गातील प्रयोगास खर्च नाही. चाके लावलेल्या खोक्यात चिंध्यांच्या दोन बाहुल्या बसवाव्यात, एक दोऱ्याने बांधलेली आणि एक मोकळी. खोके उतरत्या फळीवरून विटेवर सोडावे. नंतर विटेपुढे पेंढ्याची जुडी ठेवून तोच प्रयोग पुन्हा करावा. निष्कर्ष शिक्षकाने सांगू नये.

अपघातानंतरच्या मदतीविषयी थोडे सांगणे पुरे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, रक्त वाहत असेल तेथे स्वच्छ कापडाने दाबून धरावे आणि आग किंवा दुसऱ्या वाहनाचा धोका नसेल तर मानेस मार लागलेल्यास ओढू नये. मदत करणाऱ्यामागे पोलिसांचा ससेमिरा लागतो, ही भीती गावोगाव आहे. परंतु २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेल्या मार्गदर्शक सूचना आणि कायद्याचे कलम १३४-अ यांनी सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे.

घरी सोडविण्यासाठी गणिते : (१) ताशी ५४ किलोमीटर वेगाची धडक किती उंचीवरून पडण्याइतकी? (२) ताशी ९० किलोमीटर वेगाची? (३) गावातील सर्वांत खोल विहिरीची खोली वडीलधाऱ्यांकडून विचारून घ्यावी, मुलांनी एकट्याने काठाशी जाऊ नये. ती खोली किती वेगाच्या धडकेइतकी आहे, हे उलट गणिताने काढावे. पहिल्याचे उत्तर सव्वाअकरा मीटर, दुसऱ्याचे सव्वाएकतीस मीटर. तिसऱ्याचे प्रत्येक गावी निराळे येईल.