पॉवर सप्लायचा कारखाना काढू इच्छिणाऱ्यांस

रेग्युलेटेड डीसी पॉवर सप्लाय ही वस्तू बाहेरून पाहणाऱ्यास इतकी साधी आणि निरुपद्रवी भासते की, नुकतीच पदविका पदरात पडलेल्या, सोल्डरिंगचा हात बऱ्यापैकी बसलेल्या आणि वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीकडे हळूच नजर टाकू लागलेल्या तरुणास आपण हाच कारखाना काढावा असे वाटले, तर त्यात नवल करण्यासारखे काही नाही. पत्र्याची एक पेटी, आत एक ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, एक जाडजूड कपॅसिटर, हीटसिंकवर बसविलेले एक-दोन ट्रान्झिस्टर आणि त्या सर्वांवर हुकमत चालविणारी एखादी आयसी, एवढाच काय तो सरंजाम. फेअरचाइल्ड कंपनीने १९६७ साली बाजारात आणलेली ७२३ ही आयसी अजूनही मिळते आणि तिचे सर्किट कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेले असते. पुण्याजवळच्या भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या गाळ्यात मी हा धंदा १९८० नंतरच्या दशकात सुरू केला आणि अंगात त्राण होते तोवर चालविला. त्यामुळे असे तरुण अधूनमधून माझ्याकडे येतात. "काका, सर्किट तयार आहे, आता फक्त जागा बघायची राहिलीय," असे म्हणून ते कागद पुढे सरकवतात. मी तो कागद बाजूस ठेवावयास सांगतो आणि विचारतो की, तुझा माल ज्या गावी जाणार त्या गावी रात्री आठ वाजता आणि पहाटे चार वाजता भिंतीतल्या सॉकेटमध्ये किती व्होल्ट येतात?

हा प्रश्न त्यांना अडवणुकीचा वाटतो. परंतु या धंद्याचे सारे गणित, तांत्रिक तसे आर्थिकही, त्या प्रश्नाच्या उत्तरावर उभे आहे. कागदावर आपला पुरवठा २३० व्होल्टचा, दहा टक्के इकडेतिकडे धरून २०७ ते २५३ व्होल्टचा. ग्राहकास मात्र या दोन्ही टोकांना, आणि मधल्या प्रत्येक ठिकाणी, तोच स्थिर व्होल्टेज हवा असतो. तेव्हा आराखडा करताना सरासरीचा विचार करून भागत नाही: व्होल्टेज टिकेल की नाही हे खालच्या टोकास तपासावे लागते आणि माल जळेल की नाही हे वरच्या टोकास.

प्रयोगशाळांत सर्रास लागणारा, ० ते ३० व्होल्ट आणि २ अँपिअरचा सप्लाय उदाहरणादाखल घेऊ. ३० व्होल्ट बाहेर द्यावयाचे तर रेग्युलेटरच्या तोंडाशी किमान ३४ व्होल्ट तरी हवेत. ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला तर २ अँपिअरला त्यावर सव्वाचार व्होल्टचा रिपल येतो, डायोडच्या जोडीत दीड व्होल्ट जातो, म्हणजे सेकंडरीचे शिखर ४० व्होल्टच्या आसपास पाहिजे. आणि हे सर्व २०७ व्होल्टला साधावयाचे असल्यामुळे २३० व्होल्टला ती सेकंडरी ३१ ते ३२ व्होल्टची वेटाळावी लागते. आता हाच सप्लाय २५३ व्होल्टवर लावा आणि त्याची दोन्ही टोके एखाद्या विद्यार्थ्याने एकमेकांना टेकवली आहेत अशी कल्पना करा; तशी ती तो टेकवणारच, कारण प्रयोगशाळा असते ती त्यासाठीच. कपॅसिटरवर सरासरी ४५ व्होल्ट, प्रवाह २ अँपिअर, बाहेर शून्य व्होल्ट: म्हणजे ९० वॅट उष्णता त्या ट्रान्झिस्टरने मुकाट्याने सोसावयाची. २५ वॅटचे तीन सोल्डरिंग आयर्न एकाच वेळी पेटीत ठेवून झाकण लावावे, त्याहूनही हे अधिक झाले. २एन३०५५ या सुप्रसिद्ध ट्रान्झिस्टरवर ११५ वॅट असे लिहिलेले असते खरे, पण ते त्याची पाठ २५ अंशांवर राखता आली तर. मे महिन्यात अकोल्यास ती कोण राखणार?

यावर उपाय आहेत. ट्रान्सफॉर्मरला टॅप काढून, बाहेरील व्होल्टेजप्रमाणे रिलेने ते आपोआप बदलावेत. ट्रान्झिस्टर एकाऐवजी दोन घालून प्रत्येकाच्या एमिटरला लहान रोध द्यावा. हीटसिंक पेटीच्या बाहेर, पाठीमागे काढावा. परंतु प्रत्येक उपायास किंमत आहे, आणि त्या किमती धरूनच दरपत्रक करावयाचे असते. सर्किट आधी आखून, सुट्या भागांची बेरीज करून, तीवर तीस टक्के नफा चढवून दर काढणारा मनुष्य पहिल्या उन्हाळ्यापर्यंत सुखात असतो.

याच हिशेबातील एक लहान आकडा मी मुद्दाम पुढे मांडतो. लहान ट्रान्सफॉर्मरवर भार नसला की त्याचा व्होल्टेज सुमारे दहा टक्के वर चढतो. पहाटे, गावातले दिवे आणि पंप बंद असता, २५३ व्होल्टवर आपला सप्लाय नुसताच चालू राहिला तर कपॅसिटरवर ५२ व्होल्ट जातात. सबब येथे ५० व्होल्टचा कपॅसिटर चालत नाही, ६३ चाच लागतो. आम्ही तो ६३ चाच घालीत होतो. तरीही विदर्भातील एका तंत्रनिकेतनाकडे गेलेले काही नग एका मोसमात माथी फुगलेल्या कपॅसिटरांसह परत आले. प्रथम वाटले की तेथील लाइनमध्ये काही विपरीत घडले असावे. एका कपॅसिटरचे प्लास्टिकचे वेष्टण ब्लेडने उभे चिरले, तेव्हा आत दुसरे, जुने वेष्टण निघाले आणि त्यावर ५० व्होल्ट असे स्वच्छ छापलेले होते. विक्रेत्याने "साहेब, आम्हाला वरूनच असा आला" असे म्हणून हात झटकले, आणि कच्च्या बिलावर कितीसे बोलता येणार! परंतु प्रत्येक पेटीच्या पाठीवर नंबर ठोकलेला असे आणि वहीत त्या नंबरासमोर कोणत्या बिलाचे कपॅसिटर पडले याची नोंद असे, एवढ्या एका शिरस्त्यामुळे दोषी माल नेमका कोणत्या नगांत गेला हे अर्ध्या तासात कळले, आणि जे अद्याप फुगले नव्हते तेही बोलावून बदलून देता आले. तेव्हापासून प्रत्येक नव्या लॉटातील एक कपॅसिटर चिरून पाहणे आणि काही नग पूर्ण व्होल्टेजवर तासभर ठेवून त्यांचा गळती प्रवाह मोजणे हा नियम झाला. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चोख माल मिळत नाही असे कोणी समजू नये. तो मिळतो, मात्र पक्के बिल मागणाऱ्यास तो अधिक लवकर मिळतो.

तपासणीचे टेबल हा कारखान्याचा खरा गाभा. एक डिमरस्टॅट, एक सरकता रिओस्टॅट, एक चांगला मल्टिमीटर, रिपल पाहण्यास सीआरओ आणि प्रायमरी व चासी यांच्यामध्ये १५०० व्होल्ट मिनिटभर देऊन इन्सुलेशन पारखणारा हायव्होल्टेज टेस्टर, इतक्या वस्तू गाळ्याला रंग देण्याच्या आधी घ्याव्यात. आमच्याकडे वाइंडिंगला बसणाऱ्या मावशी वेढे मोजण्यात कधी चुकत नसत. पण प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यामधला कागद काठाशी किंचित आखूड कापला गेला, तर तो दोष डोळ्यांस दिसत नाही, टेस्टरलाच दिसतो. तसाच एक दोष बाइंडिंग पोस्टच्या मागे दडलेला असतो. लोड रेग्युलेशन ०.१ टक्का असे पुस्तिकेत छापायचे, म्हणजे ३० व्होल्टला केवळ ३० मिलिव्होल्टची सवलत. आणि सेन्सची तार पोस्टपर्यंत न नेता पीसीबीवरच टेकवली, तर मधल्या तारेच्या ०.०५ ओहम रोधात २ अँपिअरला १०० मिलिव्होल्ट गळून पडतात. सर्किट निर्दोष, आयसी निर्दोष, आणि माल इन्स्पेक्शनमध्ये नापास.

आता कोणता माल करावा याविषयी. १२ व्होल्टचे अॅडाप्टर, सीसीटीव्हीचे सप्लाय, एलईडी पट्ट्यांचे एसएमपीएस यांच्या नादी लहान कारखानदाराने लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या मालाचा दर चीनमधील कारखाने ठरवितात. आपण फार तर त्या दराने विकू शकतो, त्या दरात तो बनवू शकत नाही. शिवाय २०१२ च्या केंद्रीय आदेशापासून अनेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंना भारतीय मानक ब्युरोकडे सक्तीची नोंदणी लागते, आणि पॉवर अॅडाप्टर पुढे त्याच यादीत आले. प्रत्येक मॉडेलची प्रयोगशाळेत चाचणी करून घेण्याचा खर्च दहा हजार नगांवर सहज विरून जातो, शंभर नगांवर नाही. आपला माल त्या यादीत मोडतो काय, हे यंत्रसामग्रीचे दर मागविण्यापूर्वी पाहून घ्यावे. लहान माणसास जागा उरते ती वेगळ्या मागणीत: यंत्र बनविणाऱ्या एखाद्या कारखान्यास नेमक्या मापाच्या पेटीत बसणारा २४ व्होल्टचा सप्लाय हवा असतो, मुलामा देणाऱ्या वर्कशॉपला कमी व्होल्टचा पण शेकडो अँपिअरचा रेक्टिफायर, वीज उपकेंद्रास ११० व्होल्टचा चार्जर, आणि महाविद्यालयांना प्रयोगशाळेचा तो सनातन ०-३०. यांतील कोणताही ग्राहक हजारांनी माल घेत नाही, म्हणूनच मोठे कारखाने त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. रेल्वेचे नाव ऐकून मात्र हुरळून जाऊ नये. तेथील मंजुरीस लागणारा काळ आणि भांडवल आपल्या पहिल्या पाच वर्षांच्या बाहेरचे आहे.

व्होल्टेजच्या बाबतीत जे वाईटातले वाईट टोक धरावयाचे, तेच पैशाच्या बाबतीतही धरावे, ही गोष्ट मला कोणत्याही प्रकल्प अहवालात लिहिलेली आढळली नाही. अहवालात यंत्रे, फर्निचर, अनामत यांचे आकडे तपशीलवार असतात, आणि खेळते भांडवल म्हणून एका महिन्याचा खर्च धरलेला असतो. समजा महिन्यास तीन लाखांचा माल जातो; त्यात एक लाख साठ हजारांचा कच्चा माल आणि ऐंशी हजारांची मजुरी, भाडे, वीज. तांब्याची तार आणि स्टॅम्पिंग रोखीने येतात, दोन-तीन आठवडे कपाटात पडतात, महिनाभर जोडणीत, बर्न-इनमध्ये आणि ग्राहकाच्या इन्स्पेक्टरची वाट पाहण्यात जातो, आणि त्यानंतर साठ दिवसांचा वायदा सुरू होतो. इतक्यावर पावणेआठ लाख अडकले. वायदा साठचा आणि चेक नव्वदाव्या दिवशी, हा तर सर्वसाधारण रिवाज. मग दहा लाख अडकले. त्यात १८ टक्के जीएसटी बिल फाडताच देय होतो: कच्च्या मालावरील वजावट घेऊनही महिन्याला सुमारे पंचवीस हजार आपण अशा पैशांवर सरकारात भरतो, जे अद्याप आपल्या हाती आलेलेच नाहीत. ऑर्डरी भरपूर असताना कारखाने बंद पडलेले मी पाहिले आहेत ते याच कारणाने, आणि ते चालविणारे लोक आळशी नव्हते किंवा अडाणीही नव्हते.

कायदा आपल्या बाजूस आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्याने सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचे बंधन खरेदीदारावर घातले आहे, उशीर केल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लावले आहे आणि दाद मागण्यास स्वतंत्र परिषदही नेमली आहे. आयकराच्या तरतुदीमुळे तर मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावटही खरेदीदारास ती प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच मिळते. तेव्हा उद्यम नोंदणी पहिल्या बिलाच्या आधी करावी आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा. पण परिषदेकडे अर्ज करणे म्हणजे त्या ग्राहकास रामराम ठोकणे, हेही मनात धरून असावे. एका प्रतिष्ठित यंत्र कारखान्याच्या खरेदी विभागात आमचे बिल "साहेबांच्या टेबलावर" इतका काळ विसावले होते की त्या अवधीत साहेब दोनदा बदलले; तरीही आम्ही तक्रार केली नाही, कारण पुढची ऑर्डर त्याच टेबलावरून यावयाची होती. अशा ग्राहकास सोडू नये, त्याच्यावर अवलंबूनही राहू नये: एकूण उलाढालीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक माल एका दारी जाऊ लागला की दुसरे दार शोधण्यास निघावे. महाविद्यालयांचे पैसे सहसा बुडत नाहीत, मात्र त्यांची खरेदी अनुदान संपविण्याच्या घाईत फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम येते आणि एप्रिलपासून सारे सामसूम होते. त्या चार-पाच महिन्यांची मजुरी मार्चच्या वसुलीतून बाजूस काढून ठेवावी. त्या पैशांत नवी यंत्रे घेऊ नयेत.

हे सर्व ऐकून जो तरुण अजून खुर्चीत बसलेला असतो, त्यास मी कारखान्याऐवजी प्रथम दुरुस्तीचे काम घ्यावयास सांगतो. त्यास गाळा लागत नाही, घरातील एक खोली आणि वर सांगितलेले टेबल पुरे. भोसरी, चाकण, चिंचवड येथील कारखान्यांत आणि जिल्ह्याच्या प्रत्येक तंत्रनिकेतनाच्या कपाटात बंद पडलेले सप्लाय धूळ खात असतात. ते उघडावेत, कोणाचा कोणता भाग किती वर्षांनी गेला, ट्रान्सफॉर्मर जळला असल्यास तेथील लाइन किती होती, झाकणाच्या आत कोठे काजळी धरली आहे, हे वहीत लिहावे, आणि त्याच वहीत दुसऱ्या रकान्यात, दुरुस्तीचे बिल कोणत्या तारखेस दिले व पैसे कोणत्या तारखेस आले, हेही लिहावे. दीड-दोन वर्षांत ती वही भरते. मग तिच्यातून तीन-चार असे ग्राहक निवडावेत की ज्यांचा माल वारंवार बिघडतो आणि ज्यांचे पैसे वेळेवर येतात, त्यांना कोणता सप्लाय हवा ते त्यांच्याच फोरमनला विचारावे, आणि पहिले पाच नग त्यांच्याकडे महिनाभर चालविण्यास ठेवून मगच गाळ्याच्या भाडेपट्ट्यावर सही करावी.