‘उन्हाळी’ आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग

राजुरी, आळे, बेल्हे परिसरात उन्हाळ कांद्याची काढणी सुरू झाली, की लघवीला जळजळ होते अशी तक्रार घेऊन येणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढते. ‘उन्हाळी लागली’ असे समजून त्यांनी आठ-दहा दिवस धण्याच्या पाण्यावर काढलेले असतात. धण्याचे पाणी वाईट नाही. त्या निमित्ताने पोटात पाणी तरी जाते आणि गडद झालेली लघवी निवळते. परंतु तीच जळजळ जंतुसंसर्गाचीही असू शकते. तो मूत्रपिंडापर्यंत चढला, की थंडी वाजून ताप येतो, कुशीत दुखते, उलट्या होतात आणि रुग्णास दाखल करावे लागू शकते.

पाणी कमी का पिता, असे विचारले असता उत्तर बहुधा एकच येते : रानात आडोसा कुठे आहे? मुंबईत २०११ साली स्त्रियांसाठी स्वच्छ व मोफत मुताऱ्या मिळाव्यात म्हणून ‘राइट टू पी’ चळवळ उभी राहिली. शेतमजूर स्त्रीची अडचण त्याच जातीची आहे. स्त्रियांची मूत्रनलिका अवघी चार सेंटिमीटरच्या आसपास असल्याने आतड्यातील ई. कोलाय हे जंतू मूत्राशयात सहज पोहोचतात. लघवी तुंबवून ठेवल्यास त्यांना वाढण्यास अवधी मिळतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पाणी कमी पिणाऱ्या व वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्या जणींना रोज दीड लिटर जादा पाणी पिण्यास सांगितले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा, तर इतरांना ३.२ वेळा संसर्ग झाला. इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. मात्र हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

निदानाबाबत आमचा आग्रह एका गोष्टीचा आहे : लघवीचा नमुना प्रतिजैविकाच्या पहिल्या गोळीपूर्वी द्यावा. गोळी घेऊन आलेल्या रुग्णाच्या कल्चर तपासणीत पुष्कळदा जंतू उगवतच नाहीत, आणि मग उपचार अंदाजाने करावे लागतात. जागा धुवून, सुरुवातीची धार सोडून मधली धार निर्जंतुक बाटलीत घ्यावी. अहवालास साधारणतः दोन दिवस लागतात. तरुण स्त्रीच्या साध्या, पहिल्याच संसर्गात डॉक्टर लक्षणांवरून औषध देऊ शकतात. पण ताप असल्यास, संसर्ग पुन्हा झाल्यास, तसेच पुरुष, बालके व गर्भवतींमध्ये कल्चर टाळू नये. लहान मुलास सर्दी-खोकल्याविना ताप असेल, तर लघवी तपासण्याची आठवण पालकांनीच करून द्यावी.

मूत्राशयाच्या साध्या संसर्गास नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस पुरते. मूत्रपिंडाच्या संसर्गात मात्र ते निरुपयोगी ठरते. म्हणून शेजारणीची उरलेली गोळी घेऊ नये. सेफिक्झिमसारखी औषधे २०१४ पासून ‘एच-१’ अनुसूचीत आहेत. त्यांच्या विक्रीची नोंद औषधविक्रेत्याने तीन वर्षे जपावयाची असते. तरीही चिठ्ठीविना दोन-चार गोळ्या घेऊन मग येणारे रुग्ण आम्हांस भेटतात. अर्धवट व अनावश्यक औषधांमुळे जंतू दाद देईनासे होतात, आणि मग सुईवाटे देण्याच्या महागड्या औषधांवाचून गत्यंतर राहत नाही.

याउलट, वृद्धांच्या लघवीत जंतू आढळले, पण त्रास काहीच नसेल, तर सहसा प्रतिजैविक देऊ नये. गर्भवतीचे तसे नाही. तिला त्रास नसला तरी उपचार करावे लागतात, कारण तिच्यात हा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत लवकर चढतो.