मुखत्यारपत्र दवाखान्यात चालेल का?

प्रश्न : मी ७१ वर्षांची निवृत्त शिक्षिका, नागपुरात एकटी राहते. मुलगा परदेशात. सगळं भाचीच पाहते, म्हणून तिच्या नावे मुखत्यारपत्र केलं आहे. उद्या मी बेशुद्ध झाले तर उपचारांचे निर्णय तिला घेता येतील ना?
– एक वाचक, धंतोली

उत्तर : ताई, त्या कागदावर भिस्त ठेवू नका. बँकेच्या कामांना तो ठीक. पण करून देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की साधं मुखत्यारपत्र निरुपयोगी ठरतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. तुम्हाला हवं ते वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजेच लिव्हिंग विल. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे. त्यात भाचीचं नाव लिहा. सोबत मुलाचंही चालतं. (साक्षीदार मात्र त्रयस्थ घ्या.) एक प्रत महापालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, एक फॅमिली डॉक्टरांकडे द्या.

मात्र हे पत्र बरं होण्याची आशा उरलेली नसताना कृत्रिम उपचार थांबवण्यापुरतंच आहे. तेव्हाही डॉक्टरांची दोन मंडळं तपासून ठरवतात, त्यामुळे सगळा भार भाचीवर येणार नाही. एरवी, शस्त्रक्रियेसारख्या वेळी, डॉक्टर जवळच्या नातेवाइकांनाच विचारतात आणि तिथे मुलगा-भाची यांच्यात वाद नको. म्हणून आधी मुलाशी फोनवर मोकळं बोला. मन बदललं तर हे पत्र कधीही लेखी रद्द करता येतं.