शोलाकिळी : सावलीत राहणारा पक्षी

दक्षिण भारतात पश्चिम घाटाच्या काही रांगा समुद्रसपाटीपासून २,००० मीटरांहूनही उंच आहेत. त्यांच्या माथ्यावर गवताळ माळ पसरलेले असतात. या माळांमधील घळींत ओलावा टिकतो व वाऱ्यापासून आडोसा मिळतो. म्हणून तेथे बुटक्या सदाहरित वृक्षांची दाट वने वाढतात. या वनांना 'शोला' म्हणतात. त्यांतील खोडांवर शेवाळ चढलेले असते, खाली पाचोळ्याचा थर असतो आणि भर दुपारीही उजेड अंधुकच असतो. शोलाकिळी हा लहानसा गाणारा पक्षी याच वनांचा रहिवासी होय. मल्याळम भाषेत 'किळी' म्हणजे पक्षी.

शोलाकिळी आकाराने साधारण चिमणीएवढा असतो. त्याची पाठ निळसर करडी व पाय लांब असतात. नर व मादी दिसण्यात सारखेच असतात. जमिनीवर उड्या मारीत तो पाचोळ्यातील कीटक टिपतो आणि चाहूल लागताच झुडपात नाहीसा होतो. त्यामुळे तो दिसण्यापूर्वी बहुधा त्याची शीळच कानी पडते. झाडाच्या ढोलीत किंवा दरडीतील पोकळीत शेवाळाचे व बारीक मुळांचे घरटे करून मादी बहुधा २ अंडी घालते.

सावली सोडून दूर न जाण्याच्या या स्वभावाचा परिणाम फार मोठा झाला आहे. निलगिरी व अनैमलई या पर्वतांच्या मध्ये पालघाट खिंड आहे. तिची रुंदी सुमारे ३० ते ४० किलोमीटर असून तेथील प्रदेश सखल व उष्ण आहे. स्थलांतर करणारे पक्षी असले अंतर सहज पार करतात. शोलाकिळीला मात्र ती खिंड समुद्रासारखी ठरली. दीर्घ काळ एकमेकांपासून तुटल्यामुळे खिंडीच्या दोन्ही बाजूंस दोन वेगळ्या जाती निर्माण झाल्या. उत्तरेकडील जातीच्या कुशी तांबूस असतात. दक्षिणेकडील जातीत तो तांबूस रंग नसतो व पोट पांढरे असते. २०१७ साली शास्त्रज्ञांनी या पक्ष्यांसाठी 'शोलिकोला' हा स्वतंत्र वंश स्थापन केला.

निसर्गाने पाडलेल्या या खिंडीत आता मनुष्याने नव्या खिंडींची भर घातली आहे. एकोणिसाव्या शतकापासून या पर्वतांवर चहाचे मळे, वॉटल व युकॅलिप्टस यांची लागवड होत गेली. युकॅलिप्टसला मराठीत आपण 'निलगिरी' म्हणतो. परंतु त्याचे मूळ घर ऑस्ट्रेलिया आहे. लागवड, वस्त्या आणि रस्ते यांमुळे शोलावनांचे तुकडे परस्परांपासून दूर पडले. या पक्ष्यांच्या आनुवंशिक गुणांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. मनुष्याने अलीकडे पाडलेल्या खंडांचा परिणामही त्यांत आढळला.

लहान तुकड्यात अडकलेल्या थोड्या पक्ष्यांचा संबंध आपसांतच येत राहिला, तर त्यांच्यातील विविधता घटते आणि रोगराई किंवा हवामानातील बदल सोसण्याची शक्ती उणावते. म्हणून शोलाकिळीच्या रक्षणासाठी उरलेली वने राखावी लागतील, आणि एका वनातून दुसऱ्या वनात जाण्यापुरती सावलीही राखावी लागेल.