फाइल उघडते, मराठी उघडत नाही

नवा संगणक आला की दुकानातला मुलगा जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवून देतो आणि सांगतो, "मॅडम, एकही फाइल राहिलेली नाही." त्याचं म्हणणं खरंच असतं. तरीही १९९० ते २०१० या काळात टाइप केलेला मराठी मजकूर ज्यांच्याकडे आहे, त्यांनी तेवढ्यावर जुना संगणक दाराबाहेर जाऊ देऊ नये.

आमच्या छोट्या प्रकाशन संस्थेतून तो गेला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, म्हणून सगळे संगणक बदलले आणि कोपऱ्यातलं विंडोज एक्सपीचं यंत्रही एक्सचेंजमध्ये गेलं. पुढे एका दिवंगत लेखिकेच्या कथासंग्रहाची नवी आवृत्ती काढायचं ठरलं. वर्डमधली फाइल जागेवर होती, उघडलीही. पानभर रोमन अक्षरं, कंस आणि डॉलरच्या खुणा. मराठी एक अक्षर नाही.

त्या काळच्या फॉन्टमध्ये इंग्रजीसाठीच्या २५६ जागांत देवनागरीचे तुकडे बसवलेले असत: एका जागी अर्धा क, दुसरीकडे काना, तिसरीकडे रफार. कोणता तुकडा कुठे, हे ज्याचं त्याचं वेगळं. श्रीलिपी, कृतिदेव, सीडॅकचा सुरेख यांची मांडणी एकमेकांशी जुळत नाही. फाइलमध्ये साठतात ते नुसते आकडे, त्यांचं मराठी करतो तो फॉन्ट. प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला आकडा देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ मध्येच जागा मिळाली होती आणि विंडोज २००० पासून ती वापरताही येत होती. पण पानं लावायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरला युनिकोड कळत नसे आणि मराठी पुस्तकं पुढेही बरीच वर्षं पेजमेकरवरच लागत राहिली.

म्हणून जुन्या यंत्रातून सर्वांत आधी काढून घ्यायचं ते फॉन्ट्सचं फोल्डर. वर्डची फाइल असेल तर बहुतेक वेळा तेवढ्यानं मजकूर पुन्हा दिसू लागतो. पेजमेकरच्या फाइलचं तसं नाही. त्याची शेवटची मुख्य आवृत्ती ७, ती २००१ सालची. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या या फाइल उघडत, नव्या उघडत नाहीत. लिब्रेऑफिस ड्रॉ मोफत आहे आणि काही फाइल तरी उघडतं, तेव्हा ते जरूर करून पाहावं.

जुनं सॉफ्टवेअरच नव्या संगणकावर बसवू, हा विचार सगळ्यांच्याच मनात येतो. विंडोज ११ फक्त ६४ बिटची आहे आणि तिच्यावर १६ बिटचे प्रोग्रॅम चालत नाहीत. नव्वदच्या दशकातल्या कित्येक सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलरच १६ बिटचा असे, त्यामुळे सीडी घातली तरी गाडी तिथेच अडते. शिवाय मराठीच्या बऱ्याच पॅकेजना डोंगल, म्हणजे परवान्याची चावी, लागे. ते प्रिंटरच्या जाड पोर्टला लावायचं, आणि नव्या संगणकाला ते पोर्ट नसतं. बाजारात त्यासाठी यूएसबीची केबल मिळते, पण ती प्रिंटरपुरती. डोंगलला सहसा उपयोगी पडत नाही. डोंगल लागत नसेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकातल्या संगणकात, एक्सपी बसवून आत जुना प्रोग्रॅम चालवता येतो. एक्सपीची अधिकृत की हाताशी हवी आणि त्या एक्सपीला इंटरनेट जोडू नये, कारण २०१४ नंतर तिची सुरक्षा कोणी पाहत नाही.

आमचं काम तरलं ते पुस्तक लावणाऱ्या डीटीपीवाल्या काकांमुळे. त्यांचं जुनं यंत्र डोंगलसकट चालू होतं. पेजमेकरमधून त्यांनी मजकूर आरटीएफमध्ये काढून दिला, आणि तोच मार्ग मी सगळ्यांना सांगेन. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये कोणता शब्द कोणत्या फॉन्टमधला होता ही नोंद पुसली जाते. मग जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर त्यातले इंग्रजी शब्दही मराठी समजून बदलतो आणि त्यांचा भलताच काही तरी गोळा होतो. आरटीएफमध्ये फॉन्टचं नाव टिकतं, त्यामुळे इंग्रजी तुकडे आधीच बाजूला काढता येतात.

युनिकोडमध्ये बदल झाल्यावर खरं काम सुरू होतं. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं नेमकं उलट. जोडाक्षर आलं की वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. हिंदीसाठी बनवलेला कन्व्हर्टर वापरला तर 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, आणि पुस्तकभर होतं. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या पद्धतीनं ते 'अ'वर चंद्र देऊन लिहिलं जाई. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण शोधताना 'ॲड'ची अर्धी उदाहरणं सापडत नाहीत. म्हणून छापील प्रत समोर ठेवून सगळं प्रूफ पुन्हा वाचावंच लागतं. स्पेलचेकवर भिस्त ठेवू नये.

ज्यांचं यंत्रही गेलं आणि फॉन्टही मिळत नाही, त्यांनी छापील पानं स्कॅन करावीत. टेसरॅक्ट हे मोफत ओसीआर मराठी वाचतं. छपाई स्वच्छ असेल तर नव्यानं टाइप करण्यापेक्षा हे लवकर होतं.

हाती आलेला मजकूर तीन रूपांत ठेवावा: मूळ फाइल जशीच्या तशी, तिचे फॉन्ट त्याच फोल्डरमध्ये, आणि तपासलेली युनिकोड प्रत. सोबत पीडीएफ असावी, पण तिच्यावर विसंबू नये. जुन्या फॉन्टची पीडीएफ दिसते सुरेख, तिच्यातला मजकूर कॉपी केला की पुन्हा त्याच डॉलरच्या खुणा येतात.