दम राखायचा तर श्वास सोडायला शिका

हरलेल्या पैलवानाकडे कारणांना तोटा नसतो. माती ओली होती, पंचांनी लवकर उठवलं, जोड वजनाने जड होता. मुरलेला गडी मात्र एवढंच म्हणतो, ‘दम गेला.’ मी कोल्हापूरकडच्या तालमीत वाढलो, मातीवर लढलो, गादीवर लढलो आणि आता हौद्याच्या काठावर उभा राहून पोरांच्या लढती बघतो. दम कुठे जातो, याचा मी जमेल तसा शोध घेतला. बहुतेक पोरांचा दम पकडीत जातो. हात आवळले की ती छातीही आवळून धरतात आणि आत घेतलेला श्वास सोडायचंच विसरतात.

मातीवर निकाली कुस्ती चालते तेव्हा खडाखडीत थोडी उसंत काढता येते. गादीवर तसं नाही. वरिष्ठ गटात 3-3 मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये 30 सेकंदांची विश्रांती, एवढाच हिशेब. महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत माती विभागाचा विजेता गादी विभागाच्या विजेत्यासमोर उभा राहतो. म्हणजे वर जायचं असेल त्याला दोन्हीकडचा दम हवा. माझं घोडं कायम दुसऱ्या फेरीत अडायचं. पाय चालायचे, पण कोपरापासून खालचे हात लाकडासारखे व्हायचे. पट हातात यायचा आणि निसटायचा.

त्या काळात तालमीत एक तोडगा फिरत होता. सलामीला जाण्याआधी भात्यासारखा जोरजोरात श्वास घ्यायचा, म्हणजे छातीत हवा साठते आणि कुस्तीभर पुरते. मीही तो करून पाहिला. बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले आणि समोरचा गडी जरा लांब उभा असल्यासारखा दिसायला लागला. त्याने एकेरी पट काढला तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

असं का होतं, ते पुढे एका डॉक्टरांनी समजावून सांगितलं. निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन साध्या श्वासावरही 95 टक्क्यांच्या वर ऑक्सिजनने भरलेलं असतं. जोरात श्वास ओढून त्यात फारशी भर पडत नाही. घटतो तो कार्बन डायऑक्साइड. तो घटला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरायला लागतं. शिवाय ‘आता श्वास घे’ ही आतली टोचणी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे लागते. तो आधीच फुंकून टाकला, तर ऑक्सिजन संपत आला तरी टोचणी लागत नाही.

ही गोष्ट हौद्यात कुस्ती घालवते, पाण्यात जीव घालवते. आमच्याकडे मेहनत झाली की विहिरीवर पोहायला जायची रीत. तिथे पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो यावर पैजा लागत. आमच्यातला सगळ्यात पट्टीचा पोहणारा गडी असाच भराभर श्वास घेऊन खाली गेला. तो धडपडला नाही, त्याने हात वर केला नाही, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. पायरीवर लंगोट धुणाऱ्या पोराला तो तळाशी निपचित दिसला. बाहेर काढला, तोंडाने श्वास दिला, दवाखान्यात नेला आणि तो वाचला. पोहता न येणारा माणूस निदान घाबरून हातपाय मारतो. हा शुद्ध हरपेपर्यंत निवांत होता आणि धोका नेमका तिथेच असतो. म्हणून पहिला नियम हा : भराभर श्वास घेऊन पाण्याखाली दम धरायचा नाही. एकट्याने तर नाहीच, आणि काठावर सोबती आहेत म्हणूनही नाही.

आता करायचं काय, ते सांगतो.

सुरुवात जोर-बैठकांपासून. जोर मारताना खाली जाताना श्वास आत, वर येताना बाहेर. बैठकीत बसताना आत, उठताना बाहेर. जिथे ताकद लागते तिथे श्वास सुटला पाहिजे. श्वास कोंडून ताकद लावली की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि सुटल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. भारंदाज डावाला किंवा समोरच्याला उचलताना क्षणभर श्वास रोखला जातोच, कारण पाठ ताठ ठेवायला तो दाब लागतो. तेवढा चालतो. मात्र झटका संपताच तो फुस्सकन बाहेर पडायला हवा. मेहनतीचा आकडा वाढवायच्या नादात ही लय मोडत असेल, तर आकडा कमी करा.

नंतर हेच लढतीत आणायचं, आणि तिथेच खरी मेख आहे. जोर मारताना लय सांभाळणारा पोरगा मान पकडीत आली की दातखीळ बसल्यासारखा गप्प होतो. त्याला मी पकडीतच मोठ्याने आकडे म्हणायला लावतो. आकडा म्हणायचा तर श्वास सोडावाच लागतो. आवाज थांबला की समजायचं, याने श्वास कोंडला. सुरुवातीला अर्ध्या ताकदीची लढत ठेवायची आणि डाव पुरा होण्यापेक्षा आकडा न तुटण्याकडे लक्ष द्यायचं. मग आकड्याऐवजी नुसता तोंडाने उच्छ्वास. पटात शिरताना एक, पकड बदलताना एक, सुटल्यावर एक लांब.

खाली सापडल्यावरची गोष्ट वेगळी. समोरचा पाठीवर बसला, छाती मातीला लागली की पोट फुगायला जागा राहत नाही आणि पोरगा घाबरतो. घाबरला की मोठा श्वास ओढायला बघतो, तो मिळत नाही, म्हणून आणखी घाबरतो. तिथे मोठ्या श्वासाचा हट्ट सोडायचा. आधी कोपरं आणि गुडघे आत ओढून छातीखाली थोडी फट करायची. मग छोटे श्वास, बरगड्यांच्या बाजूंनी आणि कमरेच्या वरच्या भागात घेतल्यासारखे, प्रत्येक वेळी सोडण्यावर जोर देऊन. याचा सराव जोडीदाराने हळूहळू वजन टाकून करायचा. दोन थापा मारल्या की वजन लगेच उचलायचं, हे आधीच ठरवून ठेवायचं. थाप मारणाऱ्याची थट्टा तालमीत खपवून घेऊ नका. थट्टेच्या भीतीने गप्प राहणारा पोरगाच कधीतरी बेशुद्ध पडतो.

ज्युदो किंवा जिऊ-जित्सूकडे वळलेल्या पोरांना एक जास्तीची सूचना. तिथे गळा आवळायचे डाव चालतात आणि त्यातले बरेच मानेच्या दोन्ही बाजूंच्या, मेंदूकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या दाबतात. छातीत कितीही श्वास असला तरी काही सेकंदांत शुद्ध हरपते. तिथे दमाची परीक्षा द्यायची नाही, थाप मारायची.

फेऱ्यांमधल्या 30 सेकंदांत पोरं पाण्याच्या बाटलीवर तुटून पडतात. त्याआधी काही श्वास तोंडाने मोकळे सोडा, मग नाकाने घेऊन लांब सोडा. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके लवकर खाली यायला मदत होते. गुडघ्यांवर हात टेकून वाकलात तर कुणी हसेल, हसू दे, बरगड्यांना त्याने आधार मिळतो. पाणी एक-दोन घोट पुरे.

प्राणायामाला माझा विरोध नाही. लोणावळ्याचं कैवल्यधाम 1924 साली स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद हे बडोद्याच्या आखाड्यात राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली तयार झालेले. आखाडा आणि योग यांचं आपल्याकडे वैर नव्हतंच. संध्याकाळी शांत बसून, नाकाने सावकाश, कुंभकाचा हट्ट न धरता केलेला प्राणायाम मन ठिकाणावर आणतो आणि श्वासाकडे लक्ष द्यायची सवय लावतो. पण तो धावण्याची, दोर चढण्याची आणि लढतीची जागा घेत नाही. हृदय आणि पाय तयार नसतील तर श्वासाची कोणतीही युक्ती दुसऱ्या फेरीत उघडी पडते. तोंडाला आवळून बांधायचे मास्क विकत घेणाऱ्यांनाही हेच सांगतो. त्याने श्वास ओढणं जड होतं, श्वासाच्या स्नायूंना व्यायामही मिळेल, पण डोंगरावरची विरळ हवा त्यात मिळत नाही.

आणि प्रत्येक धापेला सरावाची कमतरता समजू नका. श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो, मेहनतीनंतर खोकल्याची ढास लागते, हौद्याच्या धुळीत छाती आवळते, तर तो दमा असू शकतो. छातीत दुखणं किंवा मेहनत करताना भोवळ येणं याला तर तालमीत इलाज नाही. अशा पोराला जास्त पळवू नका, डॉक्टरकडे न्या. वजन उतरवण्यासाठी पाणी तोडलेल्या गड्याचीही धाप लवकर उठते. त्याला श्वासाचे धडे नकोत, पाणी हवं.

शेवटचं सांगणं वस्ताद मंडळींना. पोराचा दम गेला की आपण त्याला चार फेऱ्या जास्त पळवतो. पळवा, पण त्याआधी एक लढत कान देऊन ऐका. त्याचा श्वास कोणत्या पकडीत बंद होतो, खाली गेल्यावर होतो की वर असताना, हे काठावर उभं राहून सहज कळतं. डाव शिकवताना हात कुठे, पाय कुठे हे आपण सांगतोच. त्याच वाक्यात श्वास कुठे सोडायचा तेही सांगा. नव्या पोराला ते पहिल्या महिन्यात सांगितलं तर अंगवळणी पडतं. मुरलेल्या गड्याची कोंडून लढायची सवय मोडायला फार वेळ जातो.